सात नंबरची पोटदुखी

मी मास्क बोलतोय. खिसे चाचपू नका. तुम्ही ज्याला शोधताय तो दुसरा. त्याला कानांना अडकवतात, मला डोक्यामागून जाड पट्टा असतो. तो तोंड झाकतो, मी डोळे आणि नाक सांभाळतो. समोर काच, भोवती काळं रबर, मधोमध नाकाची खोबण आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेला सात. समुद्रात बुडी मारणारी माणसं मला लावून मासे बघतात. पंधरा वर्षं या धक्क्यावर 'मास्क कुठाय?' अशी हाक आली की ती माझ्यासाठी किंवा माझ्या भावंडांसाठीच असायची. आता नावसुद्धा माझं राहिलेलं नाही. मला पोट नाही, पण पोटदुखी आहे, आणि ती मी लपवणार नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. एक तापलेला साचा, मग खोका, मग काळोख. खोका उघडला तो या खोलीत. धक्क्याच्या टोकाला एकच खोली, भिंतीला सोळा खुंट्या, कोपऱ्यात हवेचे सिलिंडर, मागे ते भरणारं धडधडं यंत्र. मालकांनी मला उजेडात धरलं, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "चालेल." मालकांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही.

नवख्या पाहुण्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. समुद्र गार, माणसाचा श्वास कोमट, त्यामुळे माझी काच आतून धुरकटते. मालकांचा उपाय सोपा होता. काचेत थुंकायचं, अंगठ्यानं चोळायचं, बादलीत बुचकळायचं. काच लख्ख! जगात पुष्कळ लोक खुर्चीसाठी कोणाकोणाची थुंकी झेलतात. मी झेलली ती समोरच्याला नीट दिसावं म्हणून. पाहुणा घाबरट असला तर मालक हे सगळं स्वतः करून मास्क त्याच्या हातात द्यायचे. दारात आलेल्याला पेलाभर पाणी द्यावं, तसा तो आमच्याकडचा पाहुणचार होता.

मालकांच्या लेकीला सगळे बुडी म्हणतात. चालायच्या आधी तिनं पाण्यात बुडी मारली, असं मालक सांगतात. मालक जरा वाढवूनच सांगतात. पण आठव्या वर्षी ती पहिल्यांदा खाली गेली ती मला लावून, हे खरं. पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी मी तिच्या नाकावरून घसरत होतो. पुढे ती शिकायला गेली, कॉलेज करून परत आली, पाहुण्यांना बुडी शिकवू लागली. नवेकोरे मास्क समोर असताना तिचा हात सात नंबरकडेच यायचा. माझ्यासाठी तिनं निळ्या सुती कापडाची थैली शिवली होती. बाकी पंधरा जण उघडेच टांगलेले असायचे. मी तेव्हा भाव खायचो, कबूल करतो.

मग ताप आला. म्हणजे इथं आला नाही. चारशे कोसांवरच्या कुठल्याशा शहरात आला. इथं फक्त त्याची बातमी आली, पण बातमीला चारशे कोस म्हणजे काय!

फोन वाजू लागला.

"तिकडचं पाणी सुरक्षित आहे ना हो?"

"कालच्याइतकंच खारट आहे," बुडी म्हणायची.

"तसं नाही, तो ताप..."

"ताप तुमच्या गावापासून जवळ आहे, आमच्यापासून लांब. खरं तर आम्ही तुम्हाला घाबरायला हवं."

"तरी पण सासरे नको म्हणतात. पुढच्या वर्षी बघू."

एकानं विचारलं, माशांमुळे पसरतो का. बुडी म्हणाली, "मासे खोकत नाहीत, साहेब. खोकायला त्यांना जागाच नाही." फोन ठेवल्यावर तिनं टेबलावर अशी मूठ आपटली की मी खुंटीवर झुललो.

धक्क्यावर यायचं तर तोंड झाकूनच, असा हुकूम निघाला. दुकानांत कापडी मास्क मिळेनात. बुडीनं कात्री घेतली, माझी थैली खाली काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत उभी चिरली. चार घड्या, दोन नाड्या. माझ्याच अंगावरच्या कपड्यातून माझी सवत जन्माला आली! मी तिला, म्हणजे त्याला, कापड्या म्हणतो.

मालकांनी तो तोंडाला लावला, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "वा! छान बसला गं."

छान! मला पंधरा वर्षांत एकदा 'चालेल'.

कापड्याला रोज गरम पाण्याची आंघोळ, रोज दोरीवर ऊन. माझ्या काचेवर धूळ साचत चालली. लोक त्याला शिव्या द्यायचे, त्यात शिंकायचे, हनुवटीखाली ओढून गप्पा मारायचे, तरी त्याच्यावाचून दाराबाहेर पाऊल टाकत नव्हते. मला लावताना माणसं हसायची, लहान मुलासारखी हातपाय हलवायची. आणि तीच माणसं माझ्यावाचून अख्खा हंगाम मजेत राहिली. ज्याचा कंटाळा येतो त्याच्यावाचून अडतं आणि ज्याची आवड असते त्याच्यावाचून चालून जातं. हा कुठला न्याय?

अशात मालकांचे धाकटे भाऊ येऊन बसले. त्यांचा बर्फाचा कारखाना आहे. त्यांना ही खोली बर्फ साठवायला हवी होती.

"दादा, माणसं येणार नाहीत आता. बर्फाला तापाची भीती नसते."

"महिनाअखेरपर्यंत थांब," मालक म्हणाले. "तोवर पाहुणे फिरकले नाहीत तर खोली तुझी. शब्द देतो."

"मला विचारलंत?" बुडी दारातून ओरडली.

"मोठी माणसं बोलतायत, बुडे."

"मोठी माणसं बोलतात आणि मग लहानांना निस्तरावं लागतं."

त्याच आठवड्यात एका पर्यटन कंपनीचा फोन आला. त्यांच्या बाई पाच जणांना घेऊन येणार, एकदा पाण्यात उतरून बघणार. मन भरलं तर थंडीतले सगळे गट आमच्याकडे पाठवणार. त्या एका दिवसावर खोली टिकणार होती.

बुडी कामाला लागली. खुंट्या पुसल्या, श्वासाच्या नळ्या उकळल्या, आम्हा सोळा जणांना साबणानं घासलं. मग तिनं लहान बाळांच्या शाम्पूची बाटली टेबलावर ठेवली.

"बाबा, उद्यापासून थुंकायचं नाही. याचा एक थेंब काचेत, मग धुवायचं. काच तशीच साफ राहते."

"तीस वर्षं थुंकतोय. एक माणूस आजारी पडला नाही."

"पडला असेल तर तुम्हाला कळवायला येणार होता का?"

मालकांनी झाकण उघडून हुंगलं. "वास तरी बरा आहे," म्हणाले. म्हणजे हो. मला मात्र त्या बाटलीचाही राग आला. एका हंगामात किती जणांचा हेवा करायचा?

बाई आल्या. बुडीनं सगळं समोर उभं राहून दाखवलं, मालकांनी मान डोलावत हो ला हो केलं. त्यांच्या तोंडावर कापड्या ऐटीत बसला होता. बोट निघाली. बाईंच्या वाट्याला सात नंबर आला आणि मी अंग फुगवलं. त्या बोटीच्या कडेला बसल्या, मला लावलं, पण भीतीनं त्यांचा श्वास इतका जोरात चालला होता की काच क्षणात धुरकटली. शाम्पू बोटीच्या दुसऱ्या टोकाला, बुडी दोघांना घेऊन पाण्यात.

"काका, काही दिसत नाहीये हो," बाई रडकुंडीला आल्या.

मालकांना त्यांची दया आली, एवढंच झालं. त्यांनी मला अलगद काढून घेतलं. दुसऱ्या हातानं कापड्या हनुवटीखाली ओढला, माझ्यात थुंकले, अंगठा फिरवला, बुचकळलं आणि प्रेमानं पुढे केलं. "घ्या. आता मासा न् मासा दिसेल."

बाईंनी मला घेतलं नाही. त्या मागे सरकत सरकत बोटीच्या कठड्याला टेकल्या. पाचांतल्या एकाच्या हातात फोन होता आणि त्यावर चित्रण चालू होतं.

मी मालकांच्या हातात होतो, म्हणून मला कळलं. हात आधी जागच्या जागी थांबला, मग मला घेऊन मागे आला. बुडी पाण्यातून वर आली, तिनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मला वाटलं, आता ही फुटणार. पण ती बाईंना एवढंच म्हणाली, "चूक आमची आहे. चला, परत जाऊ." संध्याकाळी ती थुंकी गावातल्या प्रत्येक फोनवर होती.

कंपनीचा नकार आला आणि त्याच्या मागोमाग बुडीचे बर्फवाले काका टेप घेऊन आले. भिंत मोजू लागले.

"काका, तो टेप गुंडाळा," बुडी म्हणाली.

"तुझ्या बापानं शब्द दिलाय."

"शब्द त्यांचा, चूक त्यांची, आणि खोली माझी जाणार?"

"बुडे," मालक कोपऱ्यातून म्हणाले. आवाज इतका बारीक की काकांनीही टेप थांबवला. "बरोबर बोलतेस. चूक माझी होती, खोलीची नव्हती. आजपासून मी बोटीवर चढणार नाही, पाहुण्यांच्या सामानाला हात लावणार नाही. खोली तू चालव. आणि धाकट्या, तुला दिलेला शब्द मी मोडला असं खुशाल सगळ्यांना सांग रे. अब्रू तशीही गेलीच आहे, आणखी थोडी जाऊ दे."

"आणि ताप?" काका म्हणाले.

"ताप इथं आलाच नाहीये. आपण सगळे बातमीनं आजारी पडलोय."

काका टेप खिशात घालून गेले. महिनाभर त्यांनी भावाशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी बुडीनं दाराला पाटी लावली. 'इथं एका पाहुण्याच्या मास्कमध्ये थुंकलं गेलं. ती चूक होती. आता आम्ही मास्क कसे धुतो ते उभं राहून बघा, मगच पाण्यात उतरा.'

"आपल्या हातानं आपली अब्रू दाराला टांगतेस?" मालक कळवळले.

"अब्रू नाही बाबा, पाटी आहे."

पहिल्यांदा आल्या त्या दोन परिचारिका. त्यांनी पाटी वाचली, खो खो हसल्या, बाटलीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "आम्ही रोज याहून भयंकर बघतो. चला." मग त्यांनी आणखी तिघांना पाठवलं. आता आठवड्याला चार-पाच माणसं येतात. भरभराट म्हणता येणार नाही, पण खुंट्या हलतात.

माझी खुंटी सोडून. मला पाहुण्यांच्या रांगेतून काढलंय. मी मालकांकडे असतो. ते धक्क्यावर खुर्ची टाकून बसतात, मी मांडीवर, कापड्या तोंडावर. बोट निघाली की ते मला डोळ्यांपुढे धरून बघतात, जणू माझ्यातून बोटीखालचंही दिसेल. त्यांचा श्वास कापड्याला मिळतो, मला नुसती बोटं. माझ्या भावंडांना शाम्पूचा वास येतो, बोटीवरची भांडणं ऐकू येतात. मी जळतो. पाण्यावाचून दुसरं करणार काय?

काल बोट परत आली तेव्हा बुडी खुर्चीसमोर उभी राहिली.

"बाबा, उद्या एक जागा रिकामी आहे."

"कोणाला तरी दे."

"दिलीय. सकाळी सातला निघायचं. पाहुणे म्हणून यायचं, मधे मधे शिकवायचं नाही."

आज मालकांनी मला मांडीवर घेऊन धूळ पुसली. कापड्या हनुवटीखाली ओढला. मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू! त्यांनी उठून शाम्पूची बाटली आणली आणि काचेत एक थेंब टाकला.

बुडी बघत होती. "बाबा, तुमच्या स्वतःच्या मास्कमध्ये चालतं की."

"नको गं. हात विसरतो. पुन्हा सवय लागेल."

बुडीनं तोंड फिरवलं आणि उगाचच सिलिंडर मोजत बसली.

तर मंडळी, निरोप घेतो. माझी काच लख्ख आहे आणि मला बाळासारखा वास येतोय, यापलीकडे माझं दुःख काय सांगू. एकच मागणं आहे. उद्या सकाळी कोणी धक्क्यावर असाल, तर कापड्याला दोरीला घट्ट चिमटा लावा, वाऱ्यानं उडून तो आमच्या मागे यायला नको. तो वाळत बसेल. पाण्याखाली त्याला येता येत नाही.