शुक्रवारची जड भुकटी

सोमवारी नवी भुकटी बनायची, गुरुवारपर्यंत तिचं वजन जागचं हलत नसे. आणि शुक्रवार उजाडला की आठ-दहा मिलिग्रॅमनं वाढलेलं! लागोपाठ चौथा आठवडा.

अहिल्या बालाघाटच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि तास संपले की उकव्याच्या खाणीतल्या मँगनीजपासून जाळीदार भुकटी करायची. तिच्या कणाकणात इतकी बारीक भोकं, की बॅटरीत ती वापरता येईल अशी तिला आस होती. पंधरा दिवसांत नागपूरच्या संशोधन संस्थेला आकडे पाठवायचे होते. असे डळमळते आकडे गेले, तर तीन वर्षांचं काम मातीत.

हवेतली ओल म्हणावी, तर भुकटी जाड काचेच्या बंद बरणीत, खाली ओल शोषणारे दाणे. म्हणजे बरणी कोणीतरी उघडत होतं. आज तिनं झाकण निरखलं. कडेला हवाबंदीसाठी लावलेल्या व्हॅसलीनवर तिच्याहून जाड बोटं उमटली होती. आणि सकाळी तिच्याआधी झाडलोट करायला यायचा तो एकटा खेमराज.

खेमराज वीस वर्षांचा जुना शिपाई, कीर्तनात टाळ धरणारा भला माणूस. पण हेच काम करणारे देवेंद्र सर मागच्या महिन्यात जबलपूरहून आले, तेव्हा त्यांनी त्याला टपरीवर चहा पाजला होता. कशाला?

"काय विचारत होते सर?" तिनं तेव्हा सहज विचारलं होतं.

"तुमचंच. काम कुठवर आलं म्हून."

"मग?"

"म्या म्हटलं, मॅडम जेवण विसरतेत, काम नाही!" तो खळखळून हसला होता. आता ते हसूही तिला बनावट वाटू लागलं.

तिनं प्राचार्यांना तक्रार लिहिली, पाकीट चिकटवलं. न्यायला दुसरं कोण होतं? खेमराजच ते घेऊन गेला.

भुकटीत काय मिसळलंय याचा पुरावा हवा, म्हणून तिनं ती तापवायला ठेवली. आणि खोलीभर आरतीचा वास पसरला. कापूर! तिनं बरणीतले दाणे उपसले. तळाशी झिजत आलेला पांढरा तुकडा. त्याची वाफ भुकटीनं मुकाट्यानं पिऊन टाकली होती.

ती धावतच निघाली. प्राचार्यांच्या दाराशी खेमराज बाकावर बसला होता.

"साहेब जेवाले गेलेत."

"बरणीत कापूर तुम्ही ठेवता?"

तो लाजला. "हौ. गुरुवारच्या कीर्तनातला, आरतीचा. म्हटलं, मॅडमच्या कामाले देवाचा हात लागावा. दाण्यांखाली ठेवतो, आपोआप उडून जाते, अडचण बी नाही. काहून, काही बिघडलं?"

"ते पाकीट द्या."

त्यानं पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "यात माह्यं नाव हाय?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"हौ," ती म्हणाली. पाकीट फाडलं आणि त्याच्यासमोर उभं राहून पत्र वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. 'फितूर' हा शब्दही वाचला.

खेमराजनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वीस वर्षांत एकडाव इचारलं असतं मले."

"चुकले, खेमराजभाऊ."

"राग आला मले, मॅडम. खोटं काहून बोलू?" त्यानं टोपी परत डोक्यावर चढवली. "चारही हप्त्यांची भुकटी वाया गेली?"

"चारही."

"मंग माह्याच हातानं गेली." तो उठला. "चला, आजच नवी लावू. सोमवारची वाट काहून पाहाची?"

तो पुढे झाला, आणि ती मागून निघाली.