तोकडा हात

मी एक हात आहे. दचकू नका, माणसाचा नव्हे. जुन्या पिकअप ट्रकचं मागचं चाक जागच्या जागी धरून ठेवणारा लोखंडी हात. गॅरेजात मला आर्म म्हणतात. माझं एक टोक गाडीच्या सांगाड्याला, दुसरं मागच्या अ‍ॅक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला. लोक गाडीचे आरसे कौतुकाने पुसतात, पण माझ्याकडे कुणी वाकून बघत नाही. मला त्याचा राग नाही. चिखलमाती खाऊन माझी तब्येत ठणठणीत राहिली.

कारखान्यातून आम्ही जोडीने आलो. डाव्या चाकाला माझा भाऊ, उजव्याला मी. आमचा मालक सुतार. कपाटं, टेबलं बनवायची आणि घरोघरी पोचवायची. पॉलिश त्याची बायको करायची आणि पोचवायलाही बरोबर यायची, कारण आमचा सुतार बोलण्याच्या बाबतीत अगदी लाकूड. गिऱ्हाईक म्हणालं, "दार कुरकुरतंय," की हा बिजागरीकडे बघत गप्प. मग बाईच पुढे होऊन हसतखेळत सगळं निभावून न्यायची.

एकदा ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चालू लागली, पण ट्रकची उंच सीट काही गाठता येईना. सुतार एकटाच जाऊ लागला. वाटेत त्याने रेडिओसुद्धा लावला नाही. एरवी मला खालून सगळं ऐकू यायचं, तेव्हा मात्र काहीच ऐकू येईना. फार वाईट वाटलं.

शेवटी तो गॅरेजात गेला. "गाडी खाली बसवा," म्हणाला.

मिस्त्री म्हणाला, "आखूड स्प्रिंगा घालतो. पण मग मागचे आर्मही बघावे लागतील."

"ते मागाहून बघू. उद्या ती यायला हवी."

दुसऱ्या दिवशी बाई अलगद सीटवर बसली. सुताराचा चेहरा काय खुलला होता म्हणून सांगू! पण गाडी खाली आली तसे आम्ही दोघे भाऊ तिरके झालो आणि आमच्याबरोबर अ‍ॅक्सल पुढे ओढला गेला. खड्डा आला की टायर पत्र्याला घासायचा. वेग घेतला की सीट थरथरायची, आणि ती थरथर थेट तिच्या खुब्यात जायची. मी जीव तोडून स्वतःला ताणत होतो, पण लोखंड ताणून किती ताणणार?

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, चढता येतं आता, पण बसवत नाही. मी घरीच बरी."

सुतार तसाच मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने गाडीखाली शिरून बॅटरी मारली. "हात तोकडे पडताहेत," तो म्हणाला.

सुताराला वाटलं, हा आपल्यालाच बोलतोय. त्याने मान खाली घातली.

"तुमचे नाही हो, गाडीचे. यांना थोडी लांबी हवी."

"मग कापून जोड द्या."

"या एकाला बारीक चीर आहे. आणि तशीही, जिथे वहिनी बसणार तिथे मी जोड देत नाही. नवे घालू, आटे फिरवून लांबी जुळवता येते असे."

चीर माझ्या भावाला होती, पण जोडीतला एक गेला की दुसराही जातो. नवे आले, चकचकीत आणि जरा शिष्ट. मला भंगाराच्या डब्यात टाकलं तेव्हा मी त्यांच्यावर मनातल्या मनात जळलो, हे कबूल करतो. पण सुतार बाईला बसवून फेरी मारून आला तेव्हा चाक पत्र्याच्या कमानीच्या अगदी मधोमध होतं आणि आत बाई गप्पा मारत होती. मग माझा जळफळाट थांबला.

उतरताना मात्र तिने दार धरलं, दार हातातून निसटलं, आणि ती झोकांडी खाता खाता वाचली. सुताराने धावत येऊन तिला सावरलं. मग तो इकडेतिकडे काहीतरी शोधू लागला आणि त्याची नजर माझ्यावर पडली. दोन्ही टोकांना बोल्टची भोकं, जाडी मुठीत मावेल एवढी.

त्याने मला घासूनपुसून तिच्या दाराशी, समोरच्या काचेच्या कडेच्या खांबावर आतून उभं बसवलं, धरून चढा-उतरायला. बाईने माझ्यावर सुती दोरी घट्ट गुंडाळली. आयुष्यभर पोटाखाली राहिलेला मी, आता समोरच्या काचेतून रस्ता बघतो. किती झाडं असतात हो रस्त्याला!

माझे भाऊबंद तुमच्याही गाडीखाली असतील. कधी गाडी धुताना थोडं पाणी तिकडेही मारा, आणि चीर दिसली तर मागाहून बघू म्हणू नका.

आजही गाडी थांबली की सुतार लगबगीने वळसा घालून तिच्या बाजूला येतो. परवा ती म्हणाली, "कशाला येता? हात आहे ना मला."

तो नुसता हात पुढे करून उभा राहिला. मग ती उतरली, एका हाताने मला धरून, दुसऱ्याने त्याला.