पारीचे गोटे

"तुह्या म्हशींनच तलावाची पार फोडली! उद्यापासून एक जरी तलावात दिसली तं कोंडवाड्यात टाकतो," भोजराज काकाजी आपल्याच अंगणात उभं राहून ओरडत होते. तलाव समितीचे अध्यक्ष ते.

"काऊन? बाकीच्याच्या म्हशी उडत येतात का?" खुमेंद्रही काही कमी नव्हता. नववीतून शाळा सोडलेला पोट्टा, डोकं चुलीवरच ठेवलेलं.

पण घाबरायसारखं होतंच. मागच्या पावसाळ्यात लाटांनी तलावाच्या बांधाला, म्हणजे पारीला, मोडाच्या वळणावर पुरतं खाऊन टाकलं होतं. अजून एक पावसाळा तसा आला की तलाव फुटणार, धानाचं पाणी जाणार, मासोळी जाणार. कोणावर तरी खापर फोडायचं म्हणून सापडल्या खुमेंद्राच्या म्हशी. नाला फाल्गुनातच आटला होता. तलाव बंद झाला तर म्हशी विकाव्याच लागल्या असत्या.

तो अजून दोन शिव्या शोधत होता, तेवढ्यात त्याची नजर काकाजींच्या न्हाणीकडं गेली. सुभद्राकाकी लुगडं आपटत होत्या. धुण्याचा गोटा एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं पातळ. पाचरीसारखा.

"काकाजी, हा गोटा कुठचा गा?"

"कुठचा म्हणजे? घरचा."

"घरी उगवला का?"

"पारीवरचा हाये तो," काकी हात न थांबवता म्हणाल्या. "तुमीच तं आणला खांद्यावर. एकानं काय होते म्हणे!"

काकाजींनी एकदम आभाळाकडं पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

खुमेंद्रानं त्यांना हात धरून पारीवर नेलं. पाणी खाली गेलेलं, त्यामुळं सगळं उघडं पडलेलं. खालच्या गोट्यांच्या ओळी जागच्या जागी. वरच्या दोन ओळींत नुसते खड्डे, पडलेल्या दातांसारखे. लाटा आपटायच्या त्या नेमक्या तिथंच.

"म्हैस खालून चढते काकाजी. खालचे गोटे हालले नाहीत. मंग वरचे काय शिंगावर घेऊन गेली?"

जाळं सुकवत बसलेला चुन्नीलाल ढिवर खो खो हसला. "बापा! माह्या घरी दोन हायेत. एकावर बायको मासोळी चिरते."

झालं. गावात घरोघरी गोटे निघाले. कोणाच्या तुळशीखाली, कोणाच्या उंबऱ्यापुढं, एक तर बकरीच्या चढायच्या पायरीला. बाया एकमेकींच्या अंगणात डोकावून बोटं दाखवत होत्या. "अगं वो, तुह्यावाला तं माह्याहून मोठा!" दुपारपर्यंत चुन्नीलालच्या बैलबंडीनं खेपा मारल्या. जाड बाजू आत, पातळ बाजू पाण्याकडं उतरती, मधे मुरूम ठोकून बसवत गेले. काकाजींनी सगळ्यांसमोर आपला गोटा खांद्यावर आणला, अन् वर दम दिला, "हसू नका रे, कंबर लचकते."

खुमेंद्रानंही कबूल केलं की म्हशी वाट्टेल तिथून उतरतात. आता एकाच उतारावरून नेईन, म्हणाला.

"नेशील तं उतरू दे," काकाजी म्हणाले. "पण मोडावरची जागा आजच भरली पाहिजे. एक खड्डा जरी उघडा राह्यला तं म्हशी बंद."

एकच खड्डा उरला होता. मोठा, म्हशीचं डोकं बसेल एवढा. त्यात बसेल असा गोटा बंडीत नव्हता.

सुभद्राकाकींनी पदरानं घाम पुसला अन् गोड आवाजात विचारलं, "अन् तुह्या मायचा गोटा कुठं हाये रे, खुमेंद्र?"

सगळे हसायचे थांबले. मग दुप्पट हसले. त्याच्या मायचा, निर्मलाबाईचा गोटा अख्ख्या गावाला माहीत होता. त्यावर दुसऱ्या कोणी पाय ठेवला तरी ती भांडी फेकायची.

खुमेंद्राचं तोंड लाल झालं. "चुन्नीलालकाका, बंडी वळव. माय तेंदूच्या पानाले गेली हाये, येतच असंल. तिच्या आधी उचलाले पाह्यजे."

"अन् आली तं?" चुन्नीलालनं विचारलं.

"बोलत नको बसू गा! मी जाऊन राहिलो आता."