स्वयंपाकघराची ताटली

मला भीती वाटली की आधी पोटात कळते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुकुंदवाडीच्या वृद्धाश्रमात ती कळायला जवळजवळ पाव तास उशीर झाला, कारण तेवढा वेळ मी स्वतःवर फार खूश होते.

एकटीनं केलेलं माझं ते पहिलंच काम. आश्रमाच्या दोन मजल्यांवर छताला बारा अ‍ॅक्सेस पॉइंट होते, म्हणजे वायफाय सोडणारे पांढरे गोल डबे. स्वयंपाक करणाऱ्या गीताबाई त्यांना ताटल्या म्हणायच्या, मग मीही म्हणायला लागले. या सगळ्या ताटल्या एका जागी बसून सांभाळणारं सॉफ्टवेअर मी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून बसवलं. सॉफ्टवेअरला डेटाबेस जुना हवा, लिनक्सला नवा. दोघांची समजूत घालता घालता दोन दिवस गेले. शेवटी बाराही ताटल्या यादीत हिरव्या दिसल्या, आणि मी एकेकीखाली उभी राहून तिला नाव दिलं: खोली एक, खोली दोन, जिना, स्वयंपाकघर.

हा खटाटोप मनगटावरच्या पट्ट्यांसाठी होता. पट्ट्याचं बटण दाबलं की तो जवळच्या ताटलीला गाठतो आणि ऑफिसच्या पडद्यावर कोण, कुठे ते येतं. पहिला पट्टा धोंडिबाआप्पांना बांधला. आप्पा गंगापूरचे, जन्म एसटी चालवण्यात गेला. त्यांची साखर एकाएकी उतरायची. अशा वेळी लगेच काही गोड पोटात गेलं नाही तर माणूस हातचा जाईल, असं मॅनेजर अभयसरांनी मला दोनदा बजावलं होतं.

आप्पांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. "दाबलं आन् कुणी आलंच नाय तर?"

"आप्पा, हा बारका हिरवा दिवा लागला ना, की समजायचं आम्ही निघालो."

त्यानंतर मी दोन दिवस सुट्टीवर गेले. दसऱ्याला आमच्याकडे धम्मचक्र दिन, घरचे सगळे बुद्धलेणीला गेलो होतो. परत आले त्या सकाळी काम आश्रमाच्या ताब्यात द्यायचं होतं. अभयसर दारातून म्हणाले, "सगळं तपासलंस ना?"

"हो सर. सगळं हिरवं आहे."

तपासलं होतं ते सुट्टीच्या आधी. त्या दिवशी मी खुर्चीतून उठलेही नव्हते.

अकरा वाजून गेल्यावर पडद्यावर आलं: धोंडिबा, स्वयंपाकघर. स्वयंपाकघर शेजारीच. मी डोकावले, तर गीताबाई मेथी निवडत बसलेल्या.

"आप्पा आले होते का इकडे?"

"नाय बा. मी एकटीच हाय कवाची."

नव्याची नवलाई, म्हातारा खेळतोय बटणाशी, असं म्हणत मी ती सूचना पुसून टाकली. पुन्हा आली, पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा तर मला हसू आलं. चौथ्यांदा जरा राग आला. मग सूचना यायची थांबली आणि मला बरं वाटलं.

तेवढ्यात अभयसर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आप्पा खोलीत नाहीत. सकाळची इन्शुलिनची सुई घेतलीय आणि नाश्ता तसाच झाकलेला आहे."

आता पोटात कळलं. मी धावत स्वयंपाकघरात गेले, कोपरान् कोपरा पाहिला आणि मग वर पाहिलं. छताच्या ताटलीवर कुंकवाचं बोट होतं. कडेला झेंडूची पाकळी चिकटलेली.

"गीताबाई, हे काय?"

"खंडेनवमीला पुजल्या की. विळी पुजली, मिक्सर पुजला, मग ह्यांनीच काय घोडं मारलं? शिडी लावून सगळ्या काढल्या, पुसल्या, ओळीनं मांडल्या. तुमी काढता तसा अर्धा पीळ दिला की निघत्यात."

"आणि परत लावताना?"

"लावल्या की. सगळ्या सारख्याच तर हायत."

नाव ताटलीला चिकटलेलं असतं, छताला नाही. स्वयंपाकघराची ताटली आता भलत्याच जागी टांगलेली होती आणि आप्पा तिच्याखाली पडले होते. कुठे, ते पडद्याला माहीत नव्हतं, गीताबाईंना आठवत नव्हतं, आणि मी चार वेळा त्यांची हाक पुसली होती.

अभयसर दारं उघडत सुटले. मी कॉम्प्युटरकडे पळाले. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की निवडलेली ताटली लुकलुकायला लागते. मी आजवर ते कधी वापरलं नव्हतं. घाईत आधी भलतीच ताटली निवडली गेली. मग 'स्वयंपाकघर' सापडलं आणि मी ओरडले, "वर बघत पळा. जी ताटली लुकलुकतेय, तिथं आप्पा."

गीताबाई मेथी तशीच टाकून जिना चढल्या. मी जिन्याशी उभी राहून देवाधर्माचं काहीच न आठवता फक्त आकडे मोजत होते. बेचाळीसला त्यांचा आवाज आला. "चादरीच्या खोलीत हायत. साखर आणा."

दाराआड, चादरींच्या पेटीला टेकून आप्पा पडले होते. सदरा घामानं भिजलेला, डोळे अर्धे मिटलेले, पण घोट गिळता येत होता. गीताबाईंनी डोकं मांडीवर घेऊन साखरपाणी पाजलं. थोड्या वेळानं आप्पांनी "बास" म्हणून वाटी सारली, तेव्हा अभयसर भिंतीला धरून खाली बसले. डॉक्टर आले, तपासून गेले, वाचले म्हणाले.

मी ऑफिसात येऊन नोंद उघडली. पहिली हाक अकरा वाजून चार मिनिटं. सापडले अकरा तेवीसला. चारही हाकांपुढे माझंच नाव लिहिलेलं: करुणानं पुसली. अभयसर मागे उभे राहून ते वाचत होते.

संध्याकाळी मी आप्पांच्या खाटेशी गेले. त्यांनीच माझा हात धरला.

"चादर घ्यायला गेलो आन् पाय गळाले बघ. खाली तू आन् गीताबाई बोलत व्हता, आवाज येत व्हता. हाक मारली असती तर पोचली असती."

"मग मारली का नाही, आप्पा?"

"दिवा लागला व्हता ना. म्हटलं, निघाली पोरगी, उगी कशाला बोंबलायचं." त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "लई इमानी हाय तुझं मशीन. चारी बारीला लागला."

मी शिडी मागून घेतली आणि दिवे लागेपर्यंत बाराही ताटल्या पुन्हा जागेवर लावल्या. आम्ही निघालो नव्हतो, एवढं आप्पांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.