पट्टीवरच्या खुणा

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र येऊन अकरा आठवडे झाले होते आणि म्हाताऱ्याने त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्याने जाडजूड शब्दकोशात ठेवून दिलं होतं. दंडावरच्या काळ्या डागाचा तुकडा तपासला, तो कर्करोग आहे, डाग लवकर काढायला हवा, सोबतच्या कार्डावर सोयीची तारीख कळवा. एवढंच होतं त्यात.

जन्मभर पुस्तकं बांधलेला माणूस. भीती वाटली की मोजायला बसायचा. दर रविवारी तो डागावर कागदाची पट्टी धरून दोन्ही टोकांना पेन्सिलीने खुणा करी आणि ती पत्राशेजारी शब्दकोशात ठेवी. पहिल्या तीन पट्ट्यांत डाग वाढला. चौथ्यापासून आक्रसू लागला. भोवती पांढरं कडं आलं, काळ्याचं करडं झालं. त्याने वाचनालयात जाऊन पुस्तकं धुंडाळली. एरवी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी क्वचित कर्करोगाच्या पेशींनाही परक्या म्हणून ओळखतात आणि मारतात. मग डाग आपोआप मावळतो. पुढच्या पानावरही काहीतरी होतं. त्याने पान उलटलं नाही.

आपल्यासारख्या भागूबाईच्या अंगात असले लढवय्ये कुठून आले, याचं त्याचं त्यालाच नवल वाटे.

अकराव्या रविवारी पट्टी घेऊन झाल्यावर आंघोळ करताना काखेत हाताला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं, टणक, न दुखणारं. साबण सुटला. त्याने पुन्हा चाचपून पाहिलं, मग दुसऱ्या काखेत. तिथे काही नव्हतं. भिंतीला टेकून तो उभा राहिला, नळ वाहत राहिला.

"बुडालास की काय आत?" बाहेरून ताई ओरडली.

तो बाहेर आला तेव्हा ताई, त्याची थोरली बहीण, टेबलाशी बसली होती. शब्दकोड्यासाठी तिने शब्दकोश काढला होता. समोर पत्र आणि पट्ट्या.

"हे काय रे, पुस्तक्या?"

"बरं होतंय ते, ताई." त्याने घाईघाईने बाही वर केली. "पट्ट्या लावून बघ. शरीरच खातंय त्याला."

ताईने पट्ट्या एकीखाली एक मांडल्या. चाळीस वर्षं त्याच्या शेजारी बसून तिने पुस्तकं शिवली होती.

"गिऱ्हाईक यायचं," ती म्हणाली, "म्हणायचं, पुठ्ठ्याला कसरीची कीड लागली होती, आता दिसत नाही, वरून नुसतं कापड चिकटवून द्या. तू काय करायचास?"

तो बाही खाली ओढू लागला.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

"शिवण उसवायचो," तो पुटपुटला. "आत कुठवर गेलीय ते बघायला."

"मग?"

"काखेत गाठ आहे, ताई. आत्ताच हाताला लागली."

ताईने पट्ट्या बाजूला सारल्या.

"पुस्तकात पुढचं पान होतं," तो म्हणाला. "मी उलटलंच नाही. पण ठाऊक होतं गं. वरचा डाग पुसला गेला तरी त्याआधी सुटलेल्या पेशी गाठीत जाऊन बसलेल्या असू शकतात. असतीलच असं नाही. पण..."

"पण उसवून बघायला हवं. घे पेन."

कार्ड एकच होतं. खाडाखोड होईल म्हणून त्याने आधी पेन्सिलीने लिहिलं, दोनदा खोडलं.

"महाकाव्य लिहायचं नाहीये," ताई म्हणाली.

शेवटी एवढंच उरलं: 'डाग निम्म्याहून लहान झाला आहे. काखेत गाठ हाताला लागते. उशीर माझ्यामुळे झाला, भीती वाटत होती. अजूनही वाटते. सर्वांत जवळची तारीख द्यावी.' पाकिटात त्याने अकराही पट्ट्या क्रमाने घातल्या.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट अर्धं गेलं आणि त्याची बोटं सुटेनात.

"पत्त्यात चूक तर नाही ना झाली?"

"तीनदा वाचलायस. सोड."

तिने त्याचं कोपर धरलं होतं. त्याने सोडलं. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाला आपटल्याचं दोघांना ऐकू आलं.