शेतातला विसावा

पितांबरच्या कपाशीतून मुरमाचे डंपर जात, आणि ते थांबवायचे तर त्याला आज एक खोटं बोलायचं होतं. बाकी सगळं करून झालं होतं. वाटेत बाभळीच्या काट्या टाकल्या, त्या चाकाखाली मोडल्या. चर खणला, तर दुसऱ्या दिवशी तो मुरमानेच भरलेला. एवढी तत्परता लोकांनी त्याची विहीर खणताना दाखवली असती तर बरं झालं असतं! पोलिसांनी हात वर केले. कपाशी धुळीनं अशी माखली की वेचणाऱ्या बायाही नाक मुरडून परत गेल्या.

डंपर कुंदनचे. पितांबरच्या मागच्या शेतात त्यानं मुरमाची खाण काढली होती. त्याचा स्वतःचा रस्ता ओढ्याला वळसा घालून जायचा, पण डिझेल जाळायला कुंदन काय वेडा होता? वाट वाडवडिलांपासूनची आहे, असा त्यानं तहसीलला दावा लावला.

वाडवडिलांची कसली! दोन वर्षांपूर्वी कुंदनचे वडील चुडामण वारले, तेव्हा ओढ्याला पूर होता. मसणवटीची वाट पाण्याखाली, न्यायचं कसं? पितांबरनं उभी कपाशी उपटून तिरडीला वाट करून दिली. चुडामण त्याचा जिवाभावाचा मित्र. दोघांनी गुरं राखली होती, एका भाकरीचे दोन तुकडे केले होते. त्याच पट्ट्यातून महिन्याभरात कुंदनची मोटारसायकल आली, मग ट्रॅक्टर, मग डंपर. माणुसकीचं असं बक्षीस मिळतं!

वकिलानं बजावलं होतं, इथून पूर्वी कोणीच गेलं नाही, एवढंच सांगा; एकदा जरी गेलं म्हणालात, तरी कुंदन त्याची वहिवाट करील. खांदेकऱ्यांतले दोघं आता कुंदनच्याच खाणीवर राबत होते. त्यांची साक्ष कोण धरणार?

"काय बी इचारोत, नहीच सांगा," निघताना बायको सुनंदाबाई म्हणाली आणि त्याच्या मागोमाग शेतात आली. "बठ्ठी कपाशी धुयमा गई."

वाटेची पाहणी करायला आलेले मंडळ अधिकारी बांधावर उभे होते. शेजारी कुंदन, आणि त्यानं मुद्दाम आणलेली त्याची आई, ताईबाई.

"माझ्या बापाची तिरडीबी इथूनच गेली, साहेब," कुंदन म्हणाला. "विचारा काकांना."

"खरं आहे का?"

पितांबरनं जमिनीकडे बघितलं. "नाही."

कुंदन उसळला, पण ताईबाई शांतपणे पुढे आली. बाया मसणवटीत जात नाहीत. नवऱ्याला तिनं अंगणातूनच निरोप दिला होता. पुढचं सगळं तिला लोकांनी सांगितलेलं.

"मंग त्या कथाईन ग्यात, भाऊ?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. नवरा कोणत्या वाटेनं गेला, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पितांबरला वाटलं, आपण चुडामणला दुसऱ्यांदा मारलं. सुनंदाबाईची नजर त्याला पाठीवर टोचत होती. तरी त्याला राहवलं नाही.

"आथाईनच ग्यात, वहिनी. मनाच खांदावरतीन."

तिरडी इथूनच गेली, हे अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. सुनंदाबाई मटकन बांधावर बसली.

"विसावा कोठे दिधा?" ताईबाईनं विचारलं.

खांदे बदलायला तिरडी टेकवली होती ती जागा पितांबरनं दाखवली. डंपरच्या चाकोरीतच होती ती. ताईबाई तिथे गुडघ्यावर बसली, तिनं कपाळ मातीला लावलं आणि इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं रडू तिला फुटलं.

रस्त्यावर अडून राहिलेल्या डंपरनं हॉर्न दिला. कुंदननं हात हलवून त्याला आत बोलावलं.

"माय, ऊठ. गाडी ई राहिनी."

ती उठेना. डंपर जवळ आला, थांबला, पुन्हा हॉर्न वाजला. शेवटी पितांबरच बांधावरून खाली उतरला. त्यानं ताईबाईला दंडाला धरून उठवलं, बांधावर आणलं, आणि स्वतः कपाशीत दोन पावलं मागे सरून डंपरला वाट दिली.