चौथ्या दरवाजाचा दगड

लेखक महाशय, एका माणसाला तुम्ही दगड करून उन्हात उभं केलंत आणि पुढं विसरून गेलात. शिव्या मात्र बांधणीवाल्यानं खाल्ल्या.

मित्रांनो, मी गोष्टीचं पुस्तक आहे. सात दरवाजांच्या राज्याची गोष्ट सात भागांत निघाली. त्यातला मी शेवटचा. चौथ्या भागात गोष्टीतल्या केतकीचा बाप, साधा नावाडी, पोरांना पलीकडं जाता यावं म्हणून दरवाजा पाठीवर धरून उभा राहिला आणि तसाच दगड झाला. केतकी म्हणाली होती, "परत येताना सोडवीन." पुढचे दोन भाग लोकांनी या एका वाक्यावर काढले.

सन चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी पाटणच्या पुढच्या एका गावात आलो. तिथलं वाचनालय लालासाहेब चालवत. ते फौजेतून हवालदार होऊन परतलेले. माझ्यावर कोरं कव्हर घालून त्यांनी मला पहिल्यांदा मनूच्या हातात दिलं.

गावात पेरणीआधी बायका बियाण्याच्या शेंगा फोडायला एका सोप्यात बसत. त्यांना वाचता येत नसे, म्हणून सहावीतली मनू मोठ्यानं वाचायची. तिच्या वाटच्या शेंगा बाकीच्या फोडायच्या, अशी रीत होती. मनूची आई राहीबाई भिंतीला टेकून बसायची. मनूचे वडील एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले होते. तारेत तेवढंच होतं. राहीबाई कुंकू लावायची. गावात तिला कुणी लाव म्हणत नव्हतं, कुणी पूसही म्हणत नव्हतं.

आधीचे भाग इथंच असे वाचून झाले होते. मला चार दुपारी वाचून मनू शेवटाला आली. राक्षस मेला. मुलं उडत्या घोड्यावर बसली, सगळे दरवाजे खाली सोडून थेट राजवाड्यात उतरली. मोठी जेवणावळ झाली. समाप्त.

"पान फिरव की," रंगुबाई म्हणाली.

"संपलं, काकी."

"संपलं कसं? नावाडी हाय न्हवं तिथं अजून. पोरगी जिलेबी खातीया, आन् बाप दाराला."

कुणी हसलं, कुणी नाही. रंगुबाईनं मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "बांधणाऱ्यानं पानं खाल्ली गं. मेल्याचा हात झडो."

सगळ्यांना ते पटलं. लिहिणारा विसरेल असं एकीच्याही डोक्यात आलं नाही. राहीबाई एवढंच म्हणाली, "राहिली असत्याल पानं. लालाभावजी सांगलीला जात्यात, तवा आणत्याल."

लालासाहेब मला एस.टी.नं सांगलीला घेऊन गेले. आमचे सगळे भाग जिथं शिवले गेले, तिथला बांधणीवाला भूपाल शांत माणूस. त्यानं चष्मा लावून माझ्या पानांवरचे आकडे तपासले.

"आवं हवालदार, सलग हायत. एक पान गेलं न्हाई."

"दुसरी प्रत काढा."

"काढतो की. शंभर काढू? सगळीकडं जेवणावळच हाय."

दुसरी काढली, तिसरी काढली. खरंच तसं होतं. मग लालासाहेबांनी त्याला सोप्यातल्या बायकांचं सांगितलं, राहीबाईचंही सांगितलं. भूपालनं चष्मा काढला. माझी शिवण उसवली, शेवटी आठ कोरी पानं घातली आणि मला पुन्हा शिवलं. "आमच्या हातात एवढंच," तो म्हणाला.

मी परत सोप्यात आलो. कोरी पानं बघून रंगुबाई खूश झाली. "मनू, तू शाळा शिकतीस. तूच लिही. सोडव त्याला, झालं."

मनूनं बराच वेळ पेन्सिल धरली. मग खाली ठेवली. "मी सोडवला तर तो खरा सुटल व्हय, काकी?"

राहीबाई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्यानं दगड केला त्यानं सोडवावा. न्हाईतर मेला म्हणून तरी लिहावं."

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, माझे कान दुमडू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. इथं मला सगळ्यांनी जपलं. ज्यानं मला लिहिलं तोच निष्काळजी निघाला.

लेखक महाशय, आठही पानं अजून कोरी आहेत. शेंगा फोडून झाल्या, बियाणं शेतात गेलं, तरी राहीबाई मनूला रोज विचारते, "आलं का गं काही?" तो माणूस जिवंत आहे की मेला, एवढं एक वाक्य हवं आहे. ते कधी लिहिणार?